अकरा ळ

स्मरणिकेसाठी घराण्याचा इतिहास द्या म्हणाले,
एक पान, फोटोसकट.
फोटो आहे. आजोबा, अंगात उसना कोट,
मागे ट्रेडल मशीन, तेही जुनं,
भायखळ्याच्या बंद पडलेल्या हिंदी छापखान्यातलं.
इतिहास असा, की त्याच्याबरोबर आलेल्या खिळ्यांत
क, र, त, न पसापसा होते
आणि ळ फक्त अकरा.

हिंदीला कशाला लागतोय ळ?
चेंदणी कोळीवाड्यातून मराठी साप्ताहिक काढणाऱ्याला
तो किती लागतो, हे त्रिंबक नाखवांना
पहिल्या अंकाच्या दुसऱ्या पानावर कळलं.

एक ळ कायमचा पत्त्यात अडकलेला.
उरले दहा.
मग तळ्यातला गाळ
‘जलाशयातील चिखल’ झाला,
सभा ‘प्रातःकाली’ भरू लागल्या,
आणि नौपाड्यातले वकील एकमेकांना म्हणाले,
काय भारदस्त लिहितो हा कोळ्याचा मुलगा!

मशीनचे पैसे कुठून आले
हे कुठल्याच अंकात नाही.
होडी विकली.
होडी आजोबांची नव्हती, थोरल्या भावाची होती,
मंगळ्याची.
तो म्हणाला, ‘घे रं. होरी काय, परत व्हईल.’
झाली नाही.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर गेला,
मग खाडीपलीकडे रंगाचा कारखाना आला
तिथे रखवालदार म्हणून लागला.
त्याच्या खुर्चीमागच्या गटारातून
ज्या दिवशी जो रंग बनत असेल
त्या रंगाचं पाणी खाडीत जाई.

एका आठवड्यात बोईट पोट वर करून काठाला लागले.
त्या आठवड्याच्या अंकात, पहिल्या पानावर
कारखान्याच्या दिवाळीच्या शुभेच्छा, दोन रंगांत.
ळ संपले म्हणून बातमी राहिली,
असं आजोबा सांगत.
घरात सगळ्यांनी ते खरं मानलं, मीही.

‘मेलेले मासे’
या शब्दांत एकही ळ नाही,
हे माझ्या चाळिसाव्या वर्षी लक्षात आलं.

मंगळ्या गेला गुरुवारी. अंक शुक्रवारी.
पानं बांधून तयार होती, अकराही ळ कामावर.
कंपोझिटर पितळे म्हणाले,
फळांच्या भावातला एक काढू?
आजोबा म्हणाले, राहू दे.
चौथ्या पानावर, चौकटीत:
कै. मंगल नाखवा.

सोमवारी नगरपालिका शाळेतल्या मंगल नाखवा बाई
छत्री आपटत छापखान्यात आल्या,
जिवंत.
आजोबांनी चहा मागवला, हात जोडले.
पुढच्या अंकात चूकभूल:
शिक्षिका मंगल नाखवा हयात आहेत.
मग कोण गेलं
ते छापायचं राहिलं.

मंगळ्याच्या बायकोला मी एकदा विचारलं.
ती जवळा निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
‘आमी तं मंगल्याच बोलायचो.
तुमचा त्यो जाड ल आमचे तोंडान कवा बसलाच नाय.’
बराच वेळ जवळ्यातले खडे काढले.
मग म्हणाली,
‘पन त्यो बाई नव्हता.’

आता माझ्या कीबोर्डवर ळ संपत नाही.
बोट ठेवून विसरले
तर पानभर ळ होतात, ओळीच्या ओळी,
आणि एकाचाही उपयोग नसतो.

स्मरणिकेच्या संपादकांस विनंती.
आजोबांचं पान जसंच्या तसं छापा.
खाली बारीक अक्षरात एवढं घाला:

चूकभूल.
वर्ष एकोणीस, पान चार, चौकट.
मंगल असं छापलं आहे तिथे
मंगळ्या धाकल्या नाखवा असं वाचावं.
या साप्ताहिकाची होडी त्यांची होती.

जागा अपुरी असेल तर फोटो लहान करा.
ळ कमी पडला
तर पत्त्यातला काढा.